काळी पडशील म्हणून उन्हातून उठू नका

सात डिसेंबरची दुपार होती. आदल्या दिवशी चैत्यभूमीवर अभिवादन झालं होतं, रात्र शिवाजी पार्कच्या मंडपात काढली होती आणि श्रीरामपूरला परतायची गाडी संध्याकाळी होती. आमच्या वस्तीतल्या आम्ही नऊजणी दादरच्या चौपाटीवर वाळूत बसलो होतो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी खाऊन झाली. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी डोक्यावरचा पदर मागं सारला, चपला बाजूला काढल्या, लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि सरळ वाळूवर आडव्या झाल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "सिस्टर, ऊन कसं गोड लागतंय गं."

त्यांची नात शेजारीच होती. कॉलेजात जाते. स्कार्फ डोक्यावरून, तोंडावरून घट्ट गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंतचे मोजे, नुसते डोळे दिसत होते. ती म्हणाली, "आजी, उठ ना. लोकं बघत्यात. अन् काळी पडशील."

आजींनी डोळे उघडले नाहीत. "ऊस खुरपून अन् कांदे काढून पडायची तेवढी पडले. त्या उन्हाचा रोज मिळायचा. हे ऊन माझं मला हाय, घिऊ दे."

आम्ही सगळ्या हसलो. नात हसली नाही. तिचं पुढं येईलच.

कुणी म्हणेल, सिस्टर, सहा डिसेंबरला आपण काय सहलीला जातो का? नाही जात. तो दिवस कसला आहे ते मला कुणी सांगायला नको. पण आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी बायकांनी समुद्र पाहिला तो याच निमित्तानं पाहिला, हेही तेवढंच खरं आहे. माझ्या आईनं आयुष्यात समुद्र चार वेळा पाहिला आणि चारही वेळा डिसेंबरातच पाहिला. अभिवादन करून झाल्यावर, गाडीची वाट बघताना, एखादी बाई तासभर वाळूत पाय पसरून बसली तर त्यात कमीपणा काहीच नाही. वर्षभर तिला कुठं असं नुसतं बसायला मिळतं?

या पानावर मी एरवी रक्तदाब, पंडुरोग, बाळंतिणीचा आहार असं लिहिते. आज उन्हावर लिहायचं ठरवलं, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत उन्हाकडं बघायची आपली नजर बदललेली मी बघते आहे आणि ती आंधळेपणानं बदलते आहे. आपल्या आज्या उन्हाला घाबरत नव्हत्या, उन्हाला कंटाळलेल्या असायच्या. आपल्या मुली उन्हाला घाबरतात. पार्लरच्या पाटीवर 'टॅन काढून मिळेल' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ऊन ही आता अंगावरून घासून काढायची घाण झाली.

आधी शरीराचं सांगते. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. उन्हातली अतिनील किरणं त्यावर पडली की त्याचं ड जीवनसत्त्व बनायला लागतं. पुढचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. हे जीवनसत्त्व कमी असेल तर तुम्ही दूध प्या, नाचणी खा, त्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसं जातच नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. लहान मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, त्याला आपण मुडदूस म्हणतो. मोठ्या माणसांची हाडं मऊ पडतात, आणि ते बाहेरून दिसत नाही, नुसतं दुखतं.

दवाखान्यात नोकरीला असताना अशा बाया रोज यायच्या. तिशी-पस्तिशीची बाई, कंबर दुखते, मांड्या भरून येतात, खाली बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांडीत जोर नाही. तिला काय मिळायचं? दुखण्याची सुई. आठ दिवस बरं, पुन्हा सुई. मीही अशा सुया दिल्या आहेत, हजारांनी दिल्या असतील. त्या बाईला कुणी विचारायचं नाही की बाई, तू दिवसभर असतेस कुठं? ती पत्र्याच्या खोलीत असायची. बिड्या वळत, गोधड्या शिवत, नाहीतर लोकांच्या घरात धुणीभांडी करत. सकाळी अंधारात घर सोडायचं आणि दिवे लागल्यावर परत यायचं. देशात एवढं ऊन असून हिच्या अंगावर ऊन पडत नाही, हे डॉक्टरांच्याही पटकन लक्षात येत नाही. आपल्या वस्तीत उन्हात करपणारी माणसं आहेत आणि उन्हाशिवाय वाळणारी माणसंही आहेत, कधीकधी एकाच घरात. नवरा वीटभट्टीवर, बायको अंधाऱ्या खोलीत.

पुण्यात झोपडपट्टीतल्या एक ते तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला होता, 2010 मध्ये तो छापून आला. ज्या मुलांना रोज बाहेर उन्हात खेळायला मिळत होतं त्यांचं ड जीवनसत्त्व चांगलं निघालं. जी मुलं अंधाऱ्या घरांतच राहत होती त्यांचं कमी निघालं. दिल्लीत धूर-धुळीच्या मोरी गेट भागातली लहान मुलं आणि त्या काळच्या मोकळ्या गुडगावातली मुलं यांची तुलना 2002 मध्ये प्रसिद्ध झाली, तिथंही धुराखालच्या मुलांचं बरंच कमी होतं. सूर्य तोच असतो. वाटेत धूर किती आणि घराला अंगण आहे का, यावर मुलाची हाडं ठरतात.

आणि घराचा विषय निघालाच आहे तर मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दचं सांगायलाच हवं. तिथं झोपड्या हटवून लोकांना इमारतींत घरं दिली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी तिथला अभ्यास केला, तो 2018 मध्ये बाहेर आला. शेजारच्याच, पण इमारतींमध्ये मोकळी जागा असलेल्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा या दोन ठिकाणी क्षयरोग कितीतरी जास्त होता. वारा नाही, ऊन नाही, आणि एका खोलीत सहा माणसं. क्षयाचे जंतू उन्हात मरतात, हे रॉबर्ट कॉख यांनी 1890 सालीच सांगून ठेवलं होतं. तरी गरिबाचं घर बांधताना ऊन आधी कापलं जातं. आपल्याकडंही घरकुलांच्या योजना येतात. नकाशा दाखवायला कुणी आलं तर किती खोल्या हे विचाराच, पण ऊन कुठून येणार हेही विचारा. मी विचारलं होतं तेव्हा साहेब हसले होते. हसू देत.

ऊन हे औषध आहे, ही काही आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट नाही. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना 1903 चं नोबेल मिळालं ते कातडीचा क्षय प्रकाशानं बरा केल्याबद्दल. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये लेझां या डोंगरगावात डॉक्टर रोलिए हाडांचा क्षय झालेल्या मुलांना गच्चीवर उन्हात झोपवत होते. 1919 मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला. त्यांनी एक फार साधी गोष्ट केली, ती मला नर्सिंगच्या वर्गात कुणी सांगितली नव्हती, पुढं वाचनात आली. त्यांनी मुलाच्या एकाच हातावर प्रकाश टाकला आणि बरे झाले दोन्ही हात. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळ्या हाडांपर्यंत जातं, हे तिथं कळलं. म्हणून तर मी म्हणते, उन्हासाठी चेहराच पुढं करायची गरज नाही. हात द्या, पाय द्या, पाठ द्या. पाठ तर सगळ्यात चांगली.

मग गोऱ्या लोकांच्या देशात हवा पालटली. पूर्वी तिकडंही गोरी, फिकट कातडी म्हणजे श्रीमंती, कारण उन्हात राबणारा शेतमजूर रापलेला असायचा. कारखाने आले, मजूर छपराखाली गेला आणि फिकट पडला. मग 1920 नंतर श्रीमंतांनी समुद्रावर जाऊन रापायला सुरुवात केली. रापलेली कातडी म्हणजे याच्याकडं सुट्टी आहे, पैसा आहे. गोव्याला एका प्रशिक्षणासाठी गेले होते तेव्हा परदेशी बाया वाळूवर तासन् तास पालथ्या पडलेल्या पाहिल्या. आमच्यातली एक आशाताई म्हणाली, "या पैसे देऊन काळ्या होतात आणि आपण पैसे देऊन गोऱ्या होतो, दोघींचेही पैसे तोच कंपनीवाला घेतो." यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

त्या रापण्याची किंमतही त्यांनी मोजली. फिकट कातडीत रंगद्रव्य कमी, त्यामुळं कडक उन्हानं आतल्या पेशी बिघडतात आणि कातडीचा कर्करोग होतो. ऑस्ट्रेलियात तर गोरी माणसं आणि कडक सूर्य अशी जोडी पडली. तिथं 1981 पासून अंगात सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी मोठी मोहीम चालली. 1992 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सूर्याच्या किरणांना कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं, आणि 2009 मध्ये कातडी रापवायच्या विजेच्या खाटांनाही त्याच यादीत घातलं. हे सगळं खरं आहे, त्यात कुणी खोटं बोललेलं नाही. पण ती भीती जिथली आहे तिथल्या कातडीसाठी आहे. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीतलं रंगद्रव्य ही निसर्गानं दिलेली छत्री आहे. आपल्यात तो कर्करोग बराच कमी दिसतो, आणि जो सगळ्यात वाईट प्रकार आहे तो काळ्या माणसांत बरेचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथं ऊन फारसं पडतही नाही. म्हणून तळपायावरचा वाढणारा काळा डाग डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यासाठी तोंडाला फडकं बांधून काही उपयोग नाही.

त्या छत्रीचा एक तोटा आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. रंगद्रव्य ऊन अडवतं, म्हणून तेवढंच ड जीवनसत्त्व बनायला गडद कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. म्हणजे ज्यांना जास्त ऊन हवं त्याच आपण, आणि स्कार्फ बांधून फिरतो त्याही आपणच.

इथं परदेशातून आलेली भीती आणि आपल्याकडची जुनी घाण एकमेकींत मिसळल्या आहेत. 'कर्करोग होईल' हे नुसतं तोंडावर, मनात असतं 'काळी पडेल, स्थळ मिळणार नाही'. गोरेपणा म्हणजे वरचं आणि काळेपणा म्हणजे खालचं, हा हिशोब कुणाचा आहे ते आपल्या वाचकांना उलगडून सांगायला नको. बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकांच्या मोजमापाचे आकडे घेऊन दाखवलं होतं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत. रंगावरून, नाकावरून माणसाची जात ठरवणारे तोंडघशी पडले. आणि तरी आपल्याच घरात, बाळ जन्मलं की आधी कानाची पाळी बघतात, पुढं रंग काय होणार म्हणून. प्रसूतिगृहात मी स्वतः पाहिलं आहे, जय भीम म्हणत आत आलेली आजी पहिला प्रश्न विचारते, "रंग कुणावर गेलाय?" मीही यातून सुटलेले नाही. एका खासगी दवाखान्यात मी नवी होते तेव्हा चौकशीच्या टेबलावर बसायची पाळी सगळ्या सिस्टरांना आळीपाळीनं होती, माझी कधी आली नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या वर्षी मी गोरेपणाच्या मलमाच्या तीन ट्यूबा संपवल्या. ज्या मलमाचं नाव 1975 पासून 'फेअर' होतं ते 2020 मध्ये 'ग्लो' झालं. नाव बदललं, गिऱ्हाईक तेच राहिलं.

आता त्या नातीकडं येते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे.

चौपाटीवर मी तिला म्हटलं, बाई, निदान तोंडावरचं तरी सोड, गुदमरतीयेस. ती म्हणाली, सिस्टर, ऊन लागलं की तोंड भाजतं. डिसेंबरच्या उन्हानं? मी तिला बाजूला नेलं, स्कार्फ सोडायला लावला. गाल लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, आत शिरांचं जाळं दिसत होतं, हनुवटीवर मुरमं, कानशिलाजवळ लव वाढलेली. अशी तोंडं मी पाहिली आहेत. विचारलं, काय लावतेस? तिनं पर्समधून ट्यूब काढली. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून. सात महिने, रोज रात्री.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. अशा मलमांत बहुतेक वेळा तीन औषधं असतात, स्टेरॉइड, रंग उडवणारं हायड्रोक्विनोन आणि कातडी सोलणारं ट्रेटिनॉइन. डॉक्टर ते वांगासाठी थोडे आठवडे, बघून देतात. पहिला महिना चेहरा उजळ दिसतो, त्यालाच आपण भुलतो. मग कातडी पातळ होत जाते, आणि मलम बंद केलं की आग होते म्हणून पुन्हा तेच लावावं लागतं. दारूसारखंच आहे ते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. दुसरा प्रकार याहून वाईट. अकोल्यात एका घरातल्या तिघींची, आई आणि दोन मुलींची, मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती. कारण निघालं गोरं करणारं क्रीम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा त्यात पारा सापडला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरमलाही असेच रुग्ण सापडले. ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, ती डबी कितीही गोरं करत असली तरी घरात ठेवू नका.

म्हणजे बघा, उन्हाला घाबरून तिनं जे लावलं त्यानंच तिला उन्हात बसण्याजोगं ठेवलं नाही. आजी सत्तरीत वाळूवर मजेत पडलेल्या आणि अठरा वर्षांची नात छत्री शोधते आहे.

तिला मी लगेच ट्यूब फेकून दे असं सांगितलं नाही, तेही लिहून ठेवते, कारण इतक्या महिन्यांनी एकदम बंद केलं तर चेहरा आणखी भडकतो. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेलं, डॉक्टरांनी हळूहळू सोडवलं.

उन्हापासून जपायला हवं अशी माणसंही आहेत, त्यांना या लेखामुळं नुकसान नको. कोड असेल, जन्मजात पांढरी कातडी आणि केस असतील, ल्युपसचा आजार असेल तर ऊन टाळा. डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या चालू असताना, किंवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असताना कातडी लवकर भाजते. कुष्ठरोगाच्या औषधांतल्या क्लोफाझिमिननं अंग काळपट-तांबूस पडतं आणि उन्हात ते जास्त दिसतं. काळी पडले म्हणून उपचार अर्ध्यावर सोडलेली बाई मी पाहिली आहे, तिच्या हाताची बोटं पुढं वाकडी झाली. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो. बोटं परत येत नाहीत. बाळंतपणात किंवा माला-डी सारख्या गोळ्यांनी गालावर वांग येतात, ते उन्हानं गडद होतात. त्यांनी चेहरा पदरानं झाका आणि पाठीवर ऊन घ्या. डोळ्यांवर थेट ऊन कुणीच घेऊ नये, मोतीबिंदू लवकर येतो. आणि नवजात बाळ पिवळं दिसलं तर त्याला उन्हात धरून दिवस काढू नका, तळपायापर्यंत पिवळं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता कोवळ्या उन्हाचं. आपल्याकडं सगळे सांगतात, सकाळी सातचं कोवळं ऊन घ्यावं. छान असतं ते, अंगाला ऊब मिळते, मनाला बरं वाटतं, जरूर बसा. पण हाडांना लागणारी किरणं त्या वेळी जमिनीपर्यंत फारशी पोचतच नाहीत, सूर्य खाली असतो. तिरुपतीला यावर अभ्यास झाला, त्यात सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ सगळ्यात चांगली निघाली. घड्याळ नको असेल तर सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी झाली की ऊन कामाचं. आपल्या श्रीरामपूरला डिसेंबरात भर दुपारी साडेबाराच्या आसपासच ती जेमतेम आपल्याएवढी होते. म्हणून थंडीत अकरानंतर वीस मिनिटं ते अर्धा तास, हात-पाय-पाठ उघडी ठेवून, आठवड्यातून तीन-चार दिवस. मेमध्ये उलट. तिसऱ्या आठवड्यात तर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सकाळी साडेनऊलाच सावली आखूड झालेली असते. तेव्हा दहा मिनिटं पुरे, आणि अकरानंतर सावलीत. कातडी चुरचुरायला लागली की उठायचं, कुठल्याही महिन्यात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन ऊब देतं, ड जीवनसत्त्व देत नाही.

डी-थ्रीची पुडी हा सोपा मार्ग वाटतो. पुडीत 60,000 युनिट असतात आणि ती आठवड्याला एक, डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे घ्यायची असते. आमच्या गल्लीत एका काकांनी रोज एक अशा सतरा पुड्या घेतल्या, उलट्या आणि गुंगी सुरू झाली तेव्हा कळलं. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं, मूत्रपिंडावर येतं. उन्हानं असं कधी होत नाही, जास्त झालं की कातडी स्वतःच बनवणं थांबवते. उन्हासोबत पोटातही कॅल्शियम जायला हवं. नाचणी, तीळ, दूध-ताक परवडेल तसं, आणि आपली सुकट. सुकट सालासकट खाल्ली जाते, त्यात भरपूर कॅल्शियम असतं. तिच्या वासाची लाज वाटून घेणाऱ्या घरांनी ती पुन्हा सुरू करावी.

एक गोष्ट मात्र मला कुणी उलटी समजू नये. ऊन चांगलं, असं म्हणून माणसांना उन्हात उभं करणाऱ्यांना माझा पाठिंबा नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराच्या सोहळ्यात भर दुपारी लाखो माणसं बसवली आणि 14 जणांचा जीव गेला. मंचावर सावली होती. आपल्या तालुक्यात एप्रिलमध्ये कांदा काढणीवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या शेवटच्या फडात हेच रोज थोडं थोडं होतं आणि त्याची बातमी होत नाही. चक्कर, मळमळ, लघवी गडद, घाम बंद, बडबड सुरू, अशा माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, मानेवर, काखेत ओलं फडकं ठेवा, 108 ला फोन लावा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. मुकादमाला दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवायला सांगणं हे एकटीचं काम नाही, चार-पाच जणींनी मिळून सांगायचं असतं. उन्हात कधी जायचं आणि कधी उठायचं हे ज्याचं त्याच्या हातात असेल, तर ते ऊन आणि नसेल तर ती शिक्षा. आजी चौपाटीवर तेच म्हणाल्या होत्या, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

परत आल्यावर आम्ही एक केलं. आमच्या विहाराच्या दक्षिणेला ओटा आहे, त्यावर पत्र्यांची चळत पडली होती. ती हलवली. रविवारी वंदना झाली की बाया पूर्वी लगेच घरी पळायच्या, आता साडेअकरापासून तासभर तिथं बसतात. कुणी मेथी निवडते, कुणी लेकरू पालथं टाकून तेल लावते, दोघी-तिघी नुसत्या बसतात आणि त्यांना कुणी काम सांगायचं नाही असं ठरलं आहे. पुरुषांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं, एकानं विचारलंही, बैठक कसली? ऊन खायची, असं सांगितलं. पावसाळ्यात हे बंद पडेल, मेमध्ये सकाळी घ्यावं लागेल, ते बघू.

नात येते. ओट्याच्या कडेला निंबाची सावली पडते तिथं बसते, कारण डॉक्टरांनी अजून तिला उन्हात जाऊ नको सांगितलं आहे. स्कार्फ आता हनुवटीच्या खाली असतो. गालांची लाली बरीच उतरली आहे. मागच्या रविवारी तिनं दोन्ही पाय तेवढे सावलीतून बाहेर उन्हात ठेवले होते, आणि आजी तिच्या पायांना खोबरेल चोळत होत्या.